वाचकांचे प्रश्न : टीबीच्या गोळ्या चालू असताना मन बिघडलं तर

क्षयरोगाचा उपचार चालू असलेल्या किंवा नुकताच संपलेल्या रुग्णांच्या मनाविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्यांपैकी सात इथे घेतले आहेत. उत्तरं छातीविकार आणि मनोविकार अशा दोन्ही बाजूंनी, एकत्र बसून लिहिली आहेत. प्रत्येक पत्र वाचताना आम्ही आधी एकच गोष्ट शोधली: हे मन बिघडलंय ते आजाराने, गोळीने, की भोवतालच्या माणसांनी? बाहेरून तिन्ही सारखंच दिसतं. उपाय मात्र तिन्हींवर वेगवेगळे आहेत.

माझे यजमान ४१ वर्षांचे, यंत्रमागावर कामाला. चार महिन्यांपासून एमडीआर टीबीच्या (नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या) गोळ्या चालू आहेत. बेडका निगेटिव्ह आलाय. पण गेले दहा दिवस रात्री झोपत नाहीत. शेजारचे भिंतीपलीकडून आपल्याबद्दलच बोलतात म्हणतात, दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासतात, जेवणात काहीतरी घातलंय म्हणून ताट सारतात. सासूबाई म्हणतात बाहेरची बाधा आहे, देवर्षीकडे नेऊ. गोळ्या बंद करून बघू का? — एक वाचक, इचलकरंजी

सगळ्या गोळ्या बंद करू नका. पण आठवड्याने तारीख आहे म्हणून थांबूही नका. आजच निघा, आणि जाताना घरातली सगळी पाकिटं, डब्यातल्या सुट्या गोळ्या आणि उपचाराचं कार्ड पिशवीत घाला.

त्या पाकिटांत ‘सायक्लोसेरिन’ लिहिलेली कॅप्सूल आहे का बघा. दीड-पावणेदोन वर्षं चालणाऱ्या लांबच्या एमडीआर उपचारात ती बहुधा असते. एका कॅप्सूलमध्ये २५० मिलिग्रॅम, आणि ४६ ते ७० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला ७५० म्हणजे तीन. टीबीच्या जंतूवर ती काम करते तशी मेंदूतही सहज शिरते. झोप उडणं, संशय, कानात आवाज, चिडचिड, खोल उदासी, मरणाचे विचार, कधी झटके, हे सगळं तिच्या नावावर आहे. मूत्रपिंडाचं काम मंदावलं असेल तर ती अंगात साचते आणि नेहमीचा डोसही जास्त ठरतो. म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन तपासायला सांगा. तिच्याबरोबर पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६ जीवनसत्त्व, रोज द्यायचं असतं. ती गोळी संपली होती, किंवा ‘साधी व्हिटॅमिनची’ म्हणून मागे पडली होती, असं बरेचदा निघतं. तेही डॉक्टरांना सांगा.

निघण्यापूर्वी यजमानांना तीन साधे प्रश्न विचारा: आज वार कोणता, आपण कुठे आहोत, मी कोण? उत्तरं बरोबर आली आणि फक्त संशय, आवाज असतील तर गोळीचा संशय बळावतो. उत्तरं गडबडली, माणूस गुंगीत जातोय, जोडीला डोकेदुखी, उलट्या, ताप किंवा मान ताठ असेल तर टीबी मेंदूच्या आवरणापर्यंत गेला असण्याची शक्यता धरावी लागते. तेव्हा, किंवा झटका आला तर, १०८ ला फोन करून थेट सिव्हिल गाठा.

तिथे साधारण असं होतं. डॉक्टर सायक्लोसेरिन तेवढी थांबवतात, बाकीच्या गोळ्या चालू ठेवतात. मनोविकारतज्ज्ञ काही दिवसांसाठी संशय-भास कमी करणारी गोळी लहान डोसमध्ये देतात. ती देण्याआधी ईसीजी काढायचा आग्रह धरा. एमडीआरच्या उपचारातली बेडाक्विलिन आणि क्लोफाझिमिन ही औषधं हृदयाच्या ठोक्यातलं एक अंतर वाढवतात, आणि भासावरच्या काही गोळ्याही तेच करतात. बहुतेक रुग्ण काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत ताळ्यावर येतात. मग कॅप्सूल कमी डोसात पुन्हा द्यायची की तिच्या जागी दुसरं औषध घालायचं, हा निर्णय डीआर-टीबी केंद्राचा, म्हणजे औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचा उपचार ठरवणाऱ्या केंद्राचा. तो तुमचा नाही आणि केमिस्टचाही नाही.

घरात तोवर काय? वाद घालू नका, होला होही करू नका. ‘मला तो आवाज ऐकू येत नाही, पण तुम्हाला भीती वाटतेय ते दिसतंय’ एवढं पुरे. त्यांच्यासमोर त्याच पातेल्यातलं आधी तुम्ही वाढून खा. रात्री एक दिवा चालू ठेवा. महिन्याभराच्या गोळ्यांचा साठा तुमच्या ताब्यात ठेवा आणि त्यांना एकटं सोडू नका.

सासूबाईंशी भांडण काढू नका. अंगारा लावायचा तर लावू द्या. फक्त आधी सिव्हिल, आणि उपास, मारहाण, बांधून ठेवणं किंवा गोळ्या बंद करणं यातलं काहीही नको.

मी २४ वर्षांची. एमडीआरच्या उपचाराने सहा महिन्यांत माझा रंग पूर्ण काळवंडला. मैत्रिणीच्या लग्नाला गेले नाही, फोटो काढू देत नाही. घरात माझ्या लग्नाचं बघतायत. आई म्हणते जीव वाचला ते बघ. मला मात्र औषध सोडावंसं वाटतं. — नाशिक रोड

आईचं चूक नाही, पण तुमचंही चूक नाही. हा रंग क्लोफाझिमिनचा. हे औषध स्वतःच तांबडं आहे. ते त्वचेत आणि चरबीत साठतं आणि फार हळू बाहेर पडतं. त्यामुळे तोंड, हात, उन्हात राहणारा भाग तांबूस-काळसर होतो, कातडी कोरडी पडून खपल्याही धरते. गोळी घेणाऱ्या बहुतेकांना हे कमीजास्त होतं. पहिल्याच दिवशी हे कुणी सांगितलं असतं तर निम्मा धक्का वाचला असता. ती चूक आमच्या बाजूची.

गोळी थांबल्यावर रंग उतरतो, पण आठवड्यांत नाही. कित्येक महिने लागतात, काहींना वर्षाहून जास्त. लग्नाची तारीख धरून बसू नका. तोवर उन्हात ओढणी, पूर्ण बाह्या आणि सनस्क्रीन वापरा. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा साधी व्हॅसलीन लावा. गोरं करणाऱ्या क्रीमच्या वाटेला जाऊ नका. काहींमध्ये स्टेरॉइड असतं, त्याने कातडी पातळ होते आणि रंग अधिक भकास दिसतो.

औषध मधेच सोडलं तर काय होतं ते स्पष्ट सांगतो: जंतू उरलेल्या औषधांनाही सरावतो, आणि पुढचा उपचार आणखी लांब, आणखी जड होतो. रंग सहनच होत नसेल तर ‘गोळी बदलता येईल का’ हा प्रश्न डीआर-टीबी केंद्रात विचारायला लाजू नका. तुमच्या जंतूवर कोणती औषधं चालतात यावर उत्तर अवलंबून आहे. भारतात २०२४ मध्ये मान्यता मिळालेल्या सहा महिन्यांच्या, चार औषधांच्या उपचारात क्लोफाझिमिन नाही. अर्थात तो सगळ्यांना लागू पडत नाही.

स्थळाला काय सांगायचं? उपचार चालू असेपर्यंत बघण्याचे कार्यक्रमच पुढे ढकला. थकव्यात आणि या मनःस्थितीत माणसांसमोर पोह्यांची ताटली घेऊन उभं राहणं कशाला? नंतर सांगाल तेव्हा लपवू नका, पण कहाणीही सांगू नका: ‘टीबी होता, उपचार पूर्ण झाला, हा शेवटचा निगेटिव्ह रिपोर्ट.’ ‘औषध सोडावंसं वाटतं’च्या जागी ‘जगणंच सोडावंसं वाटतं’ असं होऊ लागलं तर त्याच दिवशी आईला सांगा आणि १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे. चोवीस तास, फुकट, मराठीतही.

मी पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. फुप्फुसाचा टीबी निघाला, दोन महिने झाले. थकवा, भूक नाही, झोप नाही, वाचलेलं लक्षात राहत नाही. हे डिप्रेशन आहे की टीबी? नेटवरच्या चाचणीत १४ गुण आले.

तुम्ही सोडवलेली चाचणी बहुधा पीएचक्यू-९ असावी. नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३, एकूण २७. १० पासून पुढे मध्यम उदासी धरतात. अडचण अशी की त्यातले थकवा, भूक, झोप हे प्रश्न टीबीचा कुठलाही रुग्ण हमखास ‘हो’ म्हणूनच भरतो. म्हणून आम्ही बेरजेआधी चार ओळी पाहतो: पूर्वी आवडायचं ते आता आवडतं का, मन उदास आहे का, आपण निकामी आहोत असं वाटतं का, आणि मरणाचा विचार येतो का. अभ्यास होत नसला तरी मित्र आला की हसू येतं, मॅच बघावीशी वाटते, असं असेल तर शरीराचा थकवा जास्त. आवडीचं ताटही फिकं वाटतं, सकाळी लवकर जाग येऊन छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, घरच्यांवर आपण ओझं आहोत असं सतत वाटतं, आणि हे सलग दोन आठवडे टिकलंय, तर डिप्रेशन धरा आणि दाखवा. मरणाच्या विचाराच्या नवव्या प्रश्नाला ० सोडून काहीही उत्तर असेल तर बेरजेकडे बघूच नका, त्याच दिवशी जा.

आणि एक. दोन महिने झालेत तर वजन केलं का? गोळ्यांची संख्या वजनावर ठरते: ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ ला चार. वजन वाढत नसेल, ताप येत असेल, तर थकव्याचं कारण मनात नाही, छातीत शोधावं लागेल. रक्तातलं हिमोग्लोबिन आणि साखरही बघून घ्या. यंदाची पूर्व परीक्षा सोडायची की नाही हा निर्णय गोळ्यांच्या पहिल्या तीन महिन्यांत घेऊ नका, एवढाच सल्ला.

आईला तीन वर्षांपासून डिप्रेशनची एसिटालोप्राम चालू आहे, छान बरी होती. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि महिन्याभरात पुन्हा रडायला लागली. टीबीच्या टेन्शनने झालं असेल ना? — सोलापूर

टेन्शन असेलही, पण आधी रिफाम्पिसिनकडे बोट दाखवू. लघवी केशरी करणारी तीच. ती यकृताला कामाला लावते आणि यकृत इतर औषधं झपाट्याने निकाली काढू लागतं. साधारण दोन आठवड्यांत हा परिणाम पुरता बसतो. मग आईची जुनी गोळी तेवढीच असूनही रक्तात कमी उरते. मनोविकारतज्ज्ञांना भेटून डोस वाढवावा लागेल का ते विचारा. आणि तारीख लिहून ठेवा: टीबीचा उपचार संपल्यावर दोनेक आठवड्यांत यकृत पूर्ववत होतं, तेव्हा वाढवलेला डोस उतरवावा लागतो. हे उतरवायचं बहुतेक ठिकाणी राहून जातं.

झोपेच्या गोळ्यांचं असंच. अल्प्राझोलाम लागू पडेनाशी होते, माणूस एकाची दीड, दीडाची दोन करतो, आणि उपचार संपला की त्याच दोन गोळ्यांनी दिवसभर डोळे मिटलेले. म्हणून घरच्या घरी डोस वाढवू नये.

ज्यांच्या टीबीच्या उपचारात लिनेझोलिड आहे त्यांनी याहून जास्त जपायचं. एसिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन, सरट्रालिन या जातीच्या गोळ्यांबरोबर ती आली की मेंदूत सेरोटोनिन नको इतकं वाढू शकतं. घाम, थरथर, जुलाब, ताप, बेचैनी, हातापायाला झटके, असं काही दिसलं तर तातडीने दाखवा. दोन्ही औषधं कधीच एकत्र देत नाहीत असं नाही, देतात, पण दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दिसल्या पाहिजेत. छातीच्या डॉक्टरची फाइल वेगळी आणि मनाच्या डॉक्टरची फाइल वेगळी, हा आपल्याकडचा खाक्या इथे महागात पडतो. एकाच वहीत सगळी औषधं लिहा आणि दोघांसमोर तीच वही ठेवा.

नवरा टीबीच्या गोळ्या घेतो आणि संध्याकाळी दारूही घेतो. मी बाटली फेकून दिली. तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, रात्री बडबडला. टीबी डोक्यात गेला का? — जालना

बहुधा नाही. रोजची दारू एकदम तुटली की सहा तासांपासून दोन-तीन दिवसांपर्यंत थरथर, घाम, झटके आणि भास येतात. हे घरी काढायचं दुखणं नाही, जीवघेणं ठरू शकतं. सिव्हिलमध्ये दाखल करून थायमिनची, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची, इंजेक्शनं आणि झोपेच्या औषधांचा उतरता डोस देतात. थायमिन आधी, सलाईनमधली साखर नंतर, हा क्रम असतो.

बाटली फेकण्यामागचा हेतू बरोबर होता, फक्त ते दवाखान्याशी बोलून करायचं. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड तिन्ही यकृतावर बसतात, वर दारू बसली की कावीळ होते, गोळ्या थांबवाव्या लागतात आणि उपचार लांबतो. डोळे पिवळे, लघवी गडद, उलट्या दिसल्या तर पुढचा डोस देण्याआधी केंद्रात फोन करा. प्यायलेल्या दिवशी ‘आता गोळी नको’ असं मात्र करू नका. पुष्कळांचे डोस तिथेच चुकतात.

उपचार संपून आठ महिने झाले. तरी जिना चढताना दम लागतो, छाती धडधडते, पुन्हा टीबी झाला असं वाटून घाम फुटतो. तीन एक्स-रे काढले. एका ठिकाणी बेडक्याच्या मशीन तपासणीत पुन्हा पॉझिटिव्ह आलं म्हणाले. — ठाणे

घाबरण्याआधी दोन गोष्टी समजून घ्या. एक्स-रेवरचा डाग हा बरा झालेल्या जखमेचा व्रण असतो, तो जन्मभर राहू शकतो. एकट्या एक्स-रेवरून ‘परत आला’ असं ठरवत नाहीत. दुसरं, सीबीनॅट किंवा ट्रूनॅट मशीन जंतूचा डीएनए शोधतं, जंतू जिवंत आहे की मेलेला ते त्याला कळत नाही. उपचारानंतर बराच काळ मेलेल्या जंतूंचे अवशेष सापडू शकतात. म्हणून आधी टीबी झालेल्याला निर्णय हवा तो कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून बघण्याचा. त्याला सहा आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. ते सहा आठवडे कठीण जातात हे आम्हाला ठाऊक आहे. तोवर आणखी एक्स-रे काढू नका.

दम खरा असू शकतो. बरं झालेलं फुप्फुस पूर्वीइतकं फुगत नाही, आणि फुंकून करायच्या स्पायरोमेट्री तपासणीत ते आकड्यांत दिसतं. दमाने धडधड, धडधडीने भीती, भीतीने श्वास उथळ, उथळ श्वासाने पुन्हा दम. हे चक्र मधेच तोडायला: थांबा, कठड्याला टेका, नाकाने दोन मोजेपर्यंत श्वास घ्या, आणि चहाच्या बशीवर फुंकर घालतो तसे ओठ करून चार मोजेपर्यंत सोडा. दहा वेळा. जिना चढताना श्वास सोडत पायरी चढा, घेताना थांबा. रोज सपाटीवर दहा मिनिटं चाला, दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवा.

बोटावरच्या यंत्रात बसल्या जागी प्राणवायू ९४ च्या खाली, बेडक्यात रक्त, दोन आठवडे खोकला, संध्याकाळचा ताप, वजनात घट, यातलं काही असेल तर ती भीती नाही, दवाखान्यात जा. यातलं काहीच नसेल तर उपचार संपल्यापासून दोन वर्षं दर सहा महिन्यांनी होणारी तपासणी पुरे.

सासूचं ताट-वाटी वेगळी काढली, ती आता कुणाशी बोलत नाही. किती दिवस वेगळी ठेवायची? — सातारा

एकही दिवस नाही. टीबी हवेतून पसरतो, ताटातून नाही. भांडी, कपडे, अंथरूण यांनी तो लागत नाही. औषधं लागू पडत असली की साध्या टीबीत साधारण दोन आठवड्यांत फैलाव खूप उतरतो. तोवर तोंडाला रुमाल किंवा मास्क, उघड्या खिडकीची खोली, बेडका झाकणाच्या डब्यात. घरातल्या इतरांची, लहान मुलांची तर आधी, तपासणी करून प्रतिबंधक गोळ्यांचं विचारा. सासूबाईंचं ताट आजच तुमच्या पंगतीत मांडा, आणि वेगळं का काढलं होतं तेही त्यांना सांगा.